‘बघू’ला ‘हो’ म्हणणार नाही

वल्लरी इनामदार पुण्यात एका कंपनीत कर्मचाऱ्यांची प्रशिक्षणं आखायची. नवऱ्याच्या, सिद्धेशच्या, नोकरीपायी जर्मनीत रेगेन्सबर्गला आली आणि चाळिशी उलटल्यावर मनुष्यबळ विकासात पीएच.डी.ला बसली. विद्यापीठ गाडीनं तासाभरावर. “या वयात?” म्हणून नातेवाइकांनी नाकं मुरडली. मुरडू देत, त्यांचीच नाकं.

कंपन्यांची एक तक्रार होती : आम्ही भारतीय इंजिनिअरांना नेतृत्वाच्या प्रशिक्षणाला बोलावतो, तेच येत नाहीत. ते का येत नाहीत, हा वल्लरीचा विषय. मुलाखती तिनं मराठीत घेतल्या, कारण माणूस मनातलं बोलतो ते आपल्या भाषेत. जो तो सांगायचा, “ट्रेनरनं विचारलं, मी म्हटलं, बघू.”

हा एवढासा शब्द प्रबंधाच्या मुळावर आला. ट्रेनर त्यापुढे ‘इच्छुक’ लिहायचे आणि माणूस आला नाही की ‘उदासीन’. विनय चितळेचं हेच झालं. प्रशिक्षण संध्याकाळी, नेमकी मुलीला किटातून, म्हणजे पाळणाघरातून, आणायची वेळ, बायको नोकरीला दूर हॅनोव्हरमध्ये. तोंडावर नाही कसं म्हणायचं, म्हणून तो ‘बघू’ म्हणाला. काय अडतंय, हे कुणी विचारलंच नाही. मग बढती हुकली आणि त्यानं शिकवलेला पोरगा त्याचा साहेब झाला. ते ऐकून वल्लरीचं डोकं फिरलं होतं. तिनं ‘बघू’वर आख्खं प्रकरणच लिहिलं : हा होकार नव्हे, अडचणीतल्या माणसाचा सभ्य नकार.

तिचे मार्गदर्शक प्राध्यापक हार्टविग उत्तर जर्मनीतले, हो म्हणजे हो मानणारे. “बघू म्हणजे तयारी आहे. इच्छुकच धरा,” ते म्हणाले.

“हेर प्रोफेसर, आमच्याकडे स्थळाला ‘बघू’ म्हटलं की मुलीकडचे दुसरं स्थळ शोधायला लागतात. आणि इथले बव्हेरियातले लोक ‘शाऊ मा माल’, म्हणजे त्यांचं ‘बघू’च, म्हणाले, तर तुम्ही त्यांच्यासाठी खुर्ची मांडून ठेवता का?”

प्राध्यापक मनापासून हसले. “गेनाऊ, अगदी बरोबर! पण गंमत म्हणजे संशोधन नव्हे. तेव्हा ते ‘बघू’चं प्रकरण काढा, नाहीतर दुसरा मार्गदर्शक शोधा. सोमवारपर्यंत विचार करा.”

वल्लरीनं मनात हिशेब मांडला. प्रकरण काढलं तर दिवाळीपर्यंत डॉक्टर. ठेवलं तर सगळी मेहनत पाण्यात जायची, नवा प्राध्यापक या वयाच्या बाईला दारात उभं करेल की नाही कोण जाणे. पण ज्यांनी विश्वासानं मन मोकळं केलं, त्यांना स्वतःच्या हातानं उदासीन ठरवायचं? डॉक्टर होण्यासाठी?

“नाइन, नाही,” ती म्हणाली. आवाज जरा चढलाच. “विचार झालाय माझा. प्रकरण राहणार.”

“मग माझी सही मिळणार नाही.”

तिनं कागद पिशवीत कोंबले. मागे न बघता ती बाहेर पडली.

बसथांब्यावरून तिनं सिद्धेशला फोन लावला.

“काय गं, काय म्हणाले?”

“गाईड सोडला.”

 तो जपून म्हणाला, “आणि पीएच.डी.?”

“ती कशाला सोडू? हे नसतील तर हायडेलबर्गला विचारीन, तिथे नाही म्हणाले तर आणखी कुठे. विनयनं आणि बाकीच्यांनी मला सांगितलंय ते मी छापून आणणार. ठेवते, बस आली.”