रिकामं उत्तर

ऑफिसात तिला सगळे शंकाताई म्हणत. कामच शंका काढण्याचं. दवाखान्यांना प्रयोगशाळेतले रिपोर्ट दाखवणाऱ्या ॲपची तपासणी तिच्याकडे होती. दर तपासणीला प्रयोगशाळेच्या खऱ्या सर्व्हरला त्रास देता येत नाही, म्हणून तो काय काय म्हणेल याची खोटी उत्तरं ती लिहून ठेवायची. रिपोर्ट तयार आहे, तयार नाही, नंबर चुकला, सर्व्हर बंद आहे. अशी एकतीस झाल्यावर तिच्या मनात आलं, सर्व्हरने ‘सगळं ठीक’ म्हटलं आणि आत रिपोर्टच नसला तर?

असं कधी होत नाही, टीमलीड म्हणाला, आणि ॲप उद्या द्यायचंय. घरी सासरे अंथरुणाला खिळलेले, तिलाही निघायची घाई होती. तिने विषय सोडून दिला.

तीन महिन्यांनी नेमकं तेच झालं. कामाच्या गर्दीत प्रयोगशाळेच्या सर्व्हरने रिकामं उत्तर पाठवलं आणि ॲपने त्याचा अर्थ ‘संसर्ग नाही’ असा लावला. एका बसड्रायव्हरला पायाच्या जखमेवर साधं मलम देऊन घरी पाठवलं. नवव्या दिवशी त्याची दोन बोटं काढावी लागली.

कंपनीत बैठका झाल्या, ॲप दुरुस्त झालं. टेस्ट सगळ्या पास होत्या, तेव्हा खापर प्रयोगशाळेवर फुटलं. त्या माणसाशी कुणी बोलायचं नाही, असंही बजावलं गेलं. तिला मात्र घास गोड लागेना. एका रविवारी ती त्याच्या घरी गेलीच.

तो पाय खुर्चीवर ठेवून बसला होता. बायको दारातच थांबली. शंकाताईने एका दमात सगळं सांगून टाकलं.

“म्हणजे तुम्हाला हे आधीच सुचलं होतं?” त्याने विचारलं.

“हो.”

“मग?”

“घाई होती. मी सोडून दिलं.”

खुर्चीवरचा पाय त्याने जरा सरकवला. मग म्हणाला, “ब्रेक जरा जरी जड लागला, तरी मी गाडी बाहेर काढायचो नाही. लोक शिव्या घालायचे.”

बायकोने दार उघडून धरलं.

सोमवारी तिने वरिष्ठांना लिहून कळवलं, की शंका आली होती आणि ती आपणच गिळली. टीमलीडने बाजूला घेऊन समजावलं, पण तिने पत्र मागे घेतलं नाही. महिन्याभरात तिला दुसऱ्या कामावर टाकलं. ड्रायव्हरला आता डेपोत तिकिटाच्या खिडकीवर बसवतात, असं तिच्या कानावर आलंय. त्या रस्त्याने जायचं ती टाळते.