प्रबंधात नसलेली गच्ची

आमच्या औषधनिर्माणशास्त्र विभागात एक ट्रे ड्रायर आहे. कपाटाएवढं यंत्र, आत एकाखाली एक पत्र्याचे ट्रे आणि गरम हवा फिरवणारा पंखा. गोळी बनवायची तर औषधाची पूड आधी डिंकात ओली करून तिचे रव्यासारखे दाणे पाडतात, ते वाळवतात आणि मग दाबून गोळी करतात. वाळवण्याचं काम त्या ड्रायरचं. आमच्याकडं मात्र ते काम गच्ची करायची.

याचं कुणाला काही वाटत नसे. आम्ही मराठवाड्यातली माणसं. करमाडला आमच्या घरावर उन्हाळाभर कुरडया, पापड्या, मिरच्या असं काही ना काही वाळत पडलेलं असायचं. इथं विभागाच्या गच्चीवर दाणे पडलेले असायचे, एवढाच फरक. वर पांढरं मलमलचं कापड टाकायचं, चार कोपऱ्यांना चार विटा ठेवायच्या. सकाळी नऊला ट्रे वर न्यायचे, दुपारी एकदा दाणे हलवायचे, पाचला खाली आणायचे. गच्चीची किल्ली प्रयोगशाळेतल्या चाचांकडं असायची. ते तीस वर्षांपासून तिथं परिचर होते आणि विभागातल्या निम्म्या गोष्टी त्यांच्यावाचून अडायच्या. किल्ली देताना ते दर वेळी सांगायचे, "बेटा, कापड नीट दाब. कबुतरं लई बदमाश हायत."

मला ही रीत सरांनी दाखवली होती. सर म्हणजे माझे पीएचडीचे मार्गदर्शक. ते याच विभागात शिकले आणि याच विभागात शिकवायला लागले. ड्रायरमध्ये घाईनं वाळवलेला दाणा वरून कडक होतो आणि आतून ओला राहतो, मग गोळीचा पापुद्रा सुटतो, असं त्यांचं म्हणणं होतं. ते खरंही होतं. गच्चीवरचे दाणे मुठीत घेतले की कळायचं.

पण लिहिताना कुणी गच्ची लिहीत नसे. माझा पहिला अहवाल लिहायला बसले तेव्हा मी माझ्या आधीच्या विद्यार्थिनीचा प्रबंध उघडला आणि त्यातली ओळ उतरवून घेतली: दाणे ट्रे ड्रायरमध्ये पन्नास अंशांवर दोन तास वाळवले. तिनं ती तिच्या आधीच्याकडून घेतली होती. ग्रंथालयात जाऊन मागं मागं पाहत गेलं तर ही ओळ थेट सरांच्या स्वतःच्या प्रबंधापर्यंत जायची. घरातल्या पाटल्या जशा एका सुनेकडून दुसरीकडं जातात तशी ती आमच्याकडं चालत आली होती. खोटं लिहितोय असं मला तेव्हा एकदाही वाटलं नाही. ओळ लिहायची असते म्हणून लिहिली.

माझं काम मेथीवर होतं. मेथीचे दाणे भिजवले की जो चिकट बुळबुळीत लगदा सुटतो, तो मधुमेहाच्या गोळीत घातला तर औषध बारा तास हळूहळू सुटत राहतं, असं मी दाखवलं होतं. युरोपातल्या एका लहान गावच्या विद्यापीठात एक प्राध्यापक बाई अशाच नैसर्गिक डिंकांवर काम करत होत्या. त्यांच्याकडं गोळीच्या आत काय चाललंय ते न फोडता दाखवणारं यंत्र होतं. आमच्याकडं तसं यंत्र नव्हतं आणि येण्याची लक्षणंही नव्हती. संशोधक विद्यार्थ्यांना परदेशातल्या प्रयोगशाळेत तीन महिने काम करता यावं म्हणून एक प्रवास फेलोशिप असते, तिची जाहिरात मी पाहिली आणि बाईंना लिहिलं. त्या हो म्हणाल्या.

मला जायचंच होतं. ते यंत्र पाहिल्याशिवाय माझा प्रबंध अर्धा राहिला असता, हे एक कारण. दुसरं कारण असं की माझ्या नोंदणीचं ते शेवटचं वर्ष होतं आणि फेलोशिपला पुन्हा अर्ज करता येणार नव्हता. तिसरं सांगायला थोडं ओशाळं वाटतं. आमच्या घरातलं कुणी विमानतळाच्या दारापर्यंतसुद्धा गेलेलं नव्हतं, आणि मी आईला अर्जाच्या आधीच सांगून बसले होते. तिनं ते अख्ख्या गल्लीला सांगितलं होतं.

अर्जाला तीन गोष्टी लागायच्या: संशोधनाचा आराखडा, मार्गदर्शकांची सही आणि तिकडच्या प्रयोगशाळेचं निमंत्रणपत्र. आराखडा मी उस्मानपुऱ्यातल्या खोलीवर बसून दोन आठवड्यांत लिहिला. निमंत्रणपत्र देण्याआधी बाईंनी माझी पद्धत त्यांच्याकडं करून पाहिली. मुदत संपायला सहा दिवस उरले असताना त्यांचा मेल आला. त्यांनी तीनदा गोळ्या केल्या होत्या. तिन्ही वेळा पापुद्रा सुटला आणि औषध बाराऐवजी चार तासांत बाहेर पडलं. खाली त्यांनी विचारलं होतं, तुम्ही असं काय करता जे लिहिलेलं नाही? ते कळल्याशिवाय मी पत्रावर सही करू शकत नाही.

मी मेल वाचला. त्या काय विचारत होत्या हे मला लगेच कळलं. मी तडक सरांच्या खोलीत गेले.

सर मेल पडद्यावर वाचत नसत, छापून आणायला लावत. त्यांनी कागद दोनदा वाचला, चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"गच्चीचं सांगावं लागेल सर," मी म्हणाले.

"हं."

"आजच सांगू या का? सहा दिवस राहिलेत."

"बघू."

या "बघू"चा मला फार राग होता. चार वर्षांत मी त्यांच्या तोंडून तो इतक्या वेळा ऐकला होता की त्यांनी तोंड उघडायच्या आधीच तो मला ऐकू यायचा. सुट्टी मागितली, बघू. रसायनं संपली, बघू. मला वाटलं, या माणसाला आपल्या जुन्या प्रबंधाची लाज झाकायची आहे आणि त्यापायी माझं जाणं बुडणार. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. ते म्हणाले, "दोन दिवस दे मला." मी तोंडावर काही बोलले नाही. जिना उतरताना मात्र बरंच बोलले. चाचांनी ऐकलं. ते म्हणाले, "सर लई सोचतात बेटा. थोडं थांब."

मी थांबले नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी खोलीवर बसून बाईंना मेल लिहिला. माझं इंग्रजी रागात असलं की चांगलं होतं. माझ्या मार्गदर्शकांनी त्यांच्या विद्यार्थिदशेत दाणे गच्चीवर वाळवण्याची पद्धत सुरू केली, असं मी लिहिलं. त्यांच्या प्रबंधात मात्र ट्रे ड्रायर लिहिला आहे, आणि पुढच्या सगळ्यांच्या लिखाणात ती चूक तिथूनच आली आहे. मी त्यांना हे कळवायला सांगितलं होतं, पण त्यांच्याकडून उशीर होत असल्यानं मी स्वतः लिहीत आहे. पाठवून दिला. मग खाली जाऊन टपरीवर दोन प्लेट पोहे खाल्ले. खूप दिवसांनी भूक लागल्यासारखी लागली होती.

दुसऱ्या दिवशी बाईंचं उत्तर आलं. सोबत सही केलेलं निमंत्रणपत्र होतं. त्यांनी तीनच ओळी लिहिल्या होत्या. आता गोष्ट समजली. गच्चीवरचं तापमान आणि हवेतला ओलावा महिनाभर दर तासाला मोजून आणावा. दोघांचे आभार. मेल मला आणि सरांना एकत्र आला होता आणि खाली माझा मेल तसाच्या तसा जोडलेला होता.

म्हणजे सरांनी तो वाचला असणार, किंवा आज छापून वाचतील. अर्जावर त्यांची सही अजून व्हायची होती.

दुपारी मी अर्ज घेऊन गेले. त्यांनी सगळी पानं उलटून पाहिली, सही केली, शिक्का स्वतः मारला आणि म्हणाले, "पासपोर्टची झेरॉक्स लावली का?" मी हो म्हणाले. मेलबद्दल ते काही बोलले नाहीत, तेव्हाही नाही आणि मी निघेपर्यंतही नाही. मी मनात हिशेब असा केला की त्यांना चूक कळली आणि ते गप्प बसले. मला बरं वाटलं. खरं सांगायचं तर थोडा माजही आला.

फेलोशिप मिळाली. आईनं करमाडला पेढे वाटले आणि वाटताना प्रत्येकाला सांगितलं, "तीन म्हयन्यासाठी चाललीया. औषधाचं हाय, शिकायचं हाय." एप्रिल-मेमधला एक महिना मी आणि चाचांनी गच्चीवर काढला. हवामान मोजायचं यंत्र विटेवर ठेवून दर तासाला आकडे टिपायचे. मी नसले तर चाचा टिपायचे, उर्दू आकड्यांत, आणि मी आले की वाचून दाखवायचे. सर कधी कधी वर यायचे, मलमल उचलून दाणा चिमटीत घ्यायचे आणि खाली जायचे.

मी गेले तेव्हा तिकडं शरद ऋतू होता आणि हवा सतत ओलसर. बाई उंच, कमी बोलणाऱ्या. त्यांनी एका पेटीत आमच्या गच्चीची हवा तयार केली, आमच्या आकड्यांप्रमाणे तासातासाला बदलणारी. तिच्यात वाळवलेल्या दाण्यांच्या गोळ्या बारा तास टिकल्या. त्या दिवशी मी खुर्चीत बसून नुसती आकड्यांकडं बघत राहिले. सरांचं म्हणणं खरं निघालं होतं, यंत्रानं दाखवून दिलं होतं.

त्यानंतरच्या आठवड्यात आम्ही दोघी शोधनिबंध लिहायला बसलो. पद्धतीच्या भागात गच्चीचा इतिहास कसा लिहायचा, असं बाईंनी विचारलं आणि एक फाईल माझ्यापुढं सरकवली. "तुमच्या दोघांची पत्रं यात आहेत," त्या म्हणाल्या. "आधी त्यांचं आलं, मग तुझं."

मला वाटलं त्यांची काही गल्लत होतेय. मी फाईल उघडली. सरांच्या मेलवरची तारीख माझ्या मेलच्या आदल्या दिवसाची होती. इंग्रजी अडखळत लिहिलेलं, चुका होत्या, दोन बोटांनी टाईप करणाऱ्या माणसाचं. मी विद्यार्थी होतो तेव्हा दिवसाचे सहा-सहा तास वीज नसायची, म्हणून मी दाणे गच्चीवर वाळवले, असं त्यांनी लिहिलं होतं. प्रबंधात गच्ची लिहायची मला लाज वाटली. नंतर माझ्या विद्यार्थ्यांनी माझीच ओळ घेतली, त्यांचा यात दोष नाही. शेवटी होतं: ही गोष्ट तुम्हाला कळवावी असं माझ्या विद्यार्थिनीनं मला सांगितलं. तिचं बरोबर आहे. कृपया तिचं येणं यामुळं थांबवू नये.

त्याखाली माझा मेल होता. मी तो पुन्हा वाचला. त्यात सरांची गच्ची होती, सरांचा प्रबंध होता, सरांचा उशीर होता. मी फक्त शेवटी होते, खरं सांगणारी म्हणून.

बाईंना मी म्हणाले की जरा बाहेर जाऊन येते. खाली अंगणात बाकावर बसून सरांना फोन लावला. विभागात तेव्हा दुपार झाली असणार.

"सर, तुम्ही आधीच कळवलं होतं?"

"व्हय."

"मला सांगितलं नाही."

"सांगणार होतो. तोवर तुझा मेल आला." मागं चाचांचा आवाज येत होता, कुणाला तरी ट्रे उचलायला सांगत होते. मग सर म्हणाले, "वाचला होता मी तो. खोटं काही नव्हतं त्यात. फक्त चार वर्षं ट्रे तूच वर नेत होतीस, आणि ती ओळ तूबी लिहिलीस. तेवढं राहून गेलं."

रागावून बोलले असते तर मी भांडले असते, मला ते जमतं. पण मी आधी मेलवर पाठवलेले गोळ्यांचे आकडे ते पुन्हा विचारायला लागले. मी सांगितले. मला इतकी लाज वाटत होती की दोनदा चुकीचे सांगितले, आणि त्यांनी दोन्ही वेळा दुरुस्त केले.