मॉप माझ्याच हातात दिला

"अगं, तूच दाखव ना सगळ्यांना. तुम्हा लोकांना सवयच असते."

बाई मराठीत बोलल्या. गोड हसून बोलल्या. आणि मॉप माझ्या हातात दिला.

इथं परदेशात, शहराच्या हॉर्नबी भागात, एका गोडाऊनच्या वर आमचा कोर्स चालायचा. सरकारी भत्त्यावर जगणाऱ्यांना कामाला लावायचा कोर्स. नवरा सोडून गेल्यापासून मी भत्त्यावर. कोर्स चुकवला की भत्ता बंद. शिकवणाऱ्या बाई पुण्याच्या. पहिल्याच दिवशी जेवायच्या सुट्टीत त्या माझ्याजवळ येऊन बसल्या. गाव कुठलं, माहेरचं आडनाव काय, आईवडील काय करायचे. मी खरं तेच सांगितलं. आई नगरपालिकेत झाडूवाली, बाप गटारात उतरायचा. बाईंचा चेहरा हलला नाही. फक्त माझ्या डब्यातल्या चटणीकडे आलेला हात मागे गेला.

मला फोर्कलिफ्ट, जड माल उचलायची गाडी, शिकायची होती. खाली गोडाऊनमध्ये माझ्याच वयाची एक बाई चालवायची, ऐटीत. मी नाव दिलं होतं. बाईंनी ते खोडून मला क्लीनिंगला टाकलं.

तर मॉप हातात आला, आणि फिनेलचा वास नाकात शिरला. आई मागं उभी राहिली. खरंच सांगते, उभी राहिली. मरून इतकी वर्षं झाली, तरी फिनेलची बाटली उघडली की येते. पदर नाकाला लावलेला. "तुझ्या हातात झाडू दिसला तर हात मोडीन," म्हणायची. घरातला केरसुद्धा काढू द्यायची नाही. आणि मी इथं परदेशात येऊन भर वर्गात फरशी पुसत होते. ती रागावली असती तर बरं झालं असतं. नुसती बघत राहिली.

शेजारी टामा बसायचा. इथल्या मूळच्या माओरी लोकांतला, जुना सैनिक, घर नव्हतं, व्हॅनमध्ये झोपायचा. त्याला मराठी कुठली कळायला! तो खूश होऊन म्हणाला, "स्वीट ॲज, मस्तच. तुला तुझं माणूस भेटलं इथं."

माझं माणूस!

शेवटच्या दिवशी नोकरी देणारे मालक आले. ओळख माओरी रीतीनं करून द्यायची होती. आधी आपला डोंगर, आपली नदी, आपली माणसं, मग शेवटी आपलं नाव. टामा उठला. एरवी तो मान खाली घालून बसायचा. पण डोंगराचं नाव घेतलं आणि मान ताठ झाली. बापजाद्यांची नावं खणखणीत घेतली त्यानं.

बाई माझ्या कानाशी आल्या. "तू नुसतं गावाचं नाव सांग. बाकीचं काढू नकोस, उगाच शोभा."

मी उठले. किया ओरा, त्यांचा नमस्कार, म्हटलं. नदी सांगितली, जिच्या वरच्या घाटावर आम्हाला पाय ठेवू देत नव्हते. आईचं नाव घेतलं, कौसाबाई. गटारातच गुदमरून मेलेल्या बापाचं घेतलं. मग बाईंचं ते मराठी वाक्य इंग्रजीत सांगितलं, जसंच्या तसं. सवय कसली आणि कुणी लावली, तेही सांगितलं.

बाई लालबुंद. "अगं, आपली लाज काढलीस चारचौघांत!"

"आपली नाही, तुमची," मी म्हटलं. तेही इंग्रजीत.

टामानं विचारलं, "मॉप देताना हे म्हणाली होती ती?" मी हो म्हटलं. तो खाली बघत बसला.

मला नोकरी कुणी दिली नाही. मालक लोक चहा पिऊन गेले. मी मॉप बाईंच्या खुर्चीला टेकवून ठेवला आणि जिना उतरले.

आई अजून येते. आता फिनेल नसलं तरी येते, आणि तशीच बघते. मी फोर्कलिफ्टसाठी दुसरीकडे नाव घातलंय. तिथंही कुणीतरी भेटेल, गोड हसून, हळू आवाजात, मराठीत आडनाव विचारणारं. विचारू दे. मी उत्तर मोठ्यानं देणार, सगळ्या वर्गाला कळेल अशा भाषेत. दर वेळी देणार.