ते लोक संपले, असं मी लिहिलं

कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलमध्ये मुलगी सहावीत गेली की बापाला मेसोपोटेमिया करावा लागतो. शाळा प्रोजेक्ट देते मुलांना, करतात बाप. आमच्या कॉम्प्लेक्समधल्या एका पुणेकर बापाने सुमेरियन लोकांचं पायऱ्यापायऱ्यांचं देऊळ थ्रीडी प्रिंटरवर काढून आणलं. वर, चाकसुद्धा त्यांना आपणच शिकवलं, हे पार्किंगमध्ये उभ्या उभ्या मला ऐकवलं. मेसोपोटेमिया म्हणजे आजचा इराक, आणि त्याच्या मुलाला तो नकाशावर दाखवता येत नव्हता. असल्या दीडशहाण्यांचं मला हसू येत नाही, किळस येते.

मी तसा नाही, अशी माझी समजूत होती. माझ्या मुलीच्या वाट्याला असिरियन आले होते, आणि मी तिला सगळं स्वतः करू दिलं. पोस्टरवर पंखवाले बैल तिनेच रंगवले, मातीच्या पाट्यांचं ग्रंथालयही तिनेच काढलं. मी फक्त शेवटी चेक करणार होतो.

शेवटच्या ओळीत तिने लिहिलं होतं, की असिरियन लोक आजही आहेत आणि त्यांतल्या एक आजी आमच्या खालच्या मजल्यावर राहतात.

त्या आजी इराकमधल्या मोसुलजवळच्या गावातून आलेल्या. रविवारी चर्चमधून परतल्या की मुलीला बोलावून खजुराची बिस्किटं देत आणि गावच्या गोष्टी सांगत. स्वतःला असिरियन म्हणवत. मी मान डोलवायचो आणि मनात हसायचो.

"अगं, त्यांची राजधानी निनवे पडली आणि ते लोक संपले," मी मुलीला म्हणालो. "यांची भाषा वेगळी, धर्म वेगळा. हे कसले असिरियन?"

"बट शी सेज शी इज."

"म्हणू दे. मार्क जातील तुझे."

महाराष्ट्र मंडळात पाच हजार वर्षांच्या संस्कृतीवर छाती फुगवून बोलणारा मी. मला संस्कृतची दोन वाक्यं धड येत नाहीत, माझी पोर मराठीत उत्तर देत नाही, आणि मी दुसऱ्यांच्या पूर्वजांची छाननी करायला बसलो होतो! पार्किंगमधला तो बाप निदान फुशारकीवर तरी थांबला होता. मी मुलीच्या ओळीवर कागदाची पट्टी चिकटवली आणि तिच्यावर सुवाच्य इंग्रजी अक्षरात लिहिलं, 'इथे असिरियन लोक संपले.' मुलगी रंग आवरायला लागली. तिला पटलं, असं मी धरून चाललो.

पोस्टरवर तुम्ही आहात, असं सांगून तिने आजींना आधीच बोलावलं होतं, हे मला प्रदर्शनाच्या दिवशी शाळेच्या हॉलमध्ये कळलं. आजी ठेवणीतला कोट घालून आल्या होत्या. त्यांनी चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून बोट ठेवून वाचायला घेतलं. बैलांपाशी हसल्या. पट्टीपाशी बोट थांबलं. त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली.

"हे तू लिहिलंस?" त्यांनी इंग्रजीत, अगदी हळू विचारलं.

"नो," मुलगी म्हणाली. "माय डॅड फिक्स्ड इट."

मी तिथेच उभा होतो. दोघींपैकी कुणीही माझ्याकडे पाहिलं नाही.