कोरे चाळीस सेकंद

संघर्ष नेमकं काय काम करतो, हे नाशिक रोडच्या त्या कॉलनीत कुणालाच धड सांगता यायचं नाही. छत्तिशीचा गडी दिवसभर घरात, मांडीवर चार तारांची बेस गिटार, कानांवर हेडफोन. गिटार वायरीनं कम्प्युटरला जोडलेली, त्यामुळे आवाज सगळा आत जाणार आणि बाहेर ऐकू येणार नुसतं टुक टुक. शेजारच्या खोलीत आईनं मिक्सरमध्ये चटणी वाटली तरी रेकॉर्डिंगला धक्का लागत नसे. गाणी बनवणारे कुणी कल्याणला, कुणी इंदूरला. ते गाणं पाठवणार, हा त्यात बेस वाजवून परत पाठवणार. एकमेकांची तोंडं बघायचं कामच नाही. पूर्वी ऑर्केस्ट्रात होता तेव्हा निदान स्टेजच्या कोपऱ्यात दिसायचा तरी. ऑर्केस्ट्रे बंद पडत गेले आणि हा घरात बसला.

त्याची आई विमलाबाई. ‘मुलगा काय करतो?’ असं कुणी विचारलं की म्हणायच्या, ‘कम्प्युटरवर असतं काहीतरी.’ आणि विषय बदलायच्या.

त्यांचे कान मात्र तयार होते हो! नवरा कोंडाजी गायन पार्टीत ढोलकी वाजवायचे. दोन गल्ल्या पलीकडे कार्यक्रम असला तरी विमलाबाई भाकरी थापता थापता सांगायच्या, ‘आता हे बसलेत. मघाचा कुणीतरी दुसराच होता.’ कोंडाजींची एक जागा होती. समेवर येण्याआधी हात क्षणभर अधांतरी धरायचा आणि मग थाप द्यायची. त्यावरून त्या ओळखायच्या. कोंडाजींना जाऊन नऊ वर्षं झाली, पण ती जागा त्यांच्या कानातून गेली नव्हती.

आणि मुलाचं वाजवणं? मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरला बेस झेपतच नाही. संघर्षनं एकदा हेडफोन लावून दिले. त्या म्हणाल्या, ‘सगळेच वाजवतायत रे. यातला तू कुठला?’ मग त्यानं नुसता बेस ऐकवला. त्यावर म्हणाल्या, ‘आणि हे काय? गाणं कुठंय यात?’ संघर्षनं हसण्यावारी नेलं, पण लागायचं ते लागलंच. जगाला कळलं नाही तर न कळो, आईला तरी कळावं ना!

यंदा मार्चमध्ये कल्याणच्या समाधानकडून काम आलं. नवं भीमगीत, खास मिरवणुकीसाठी. कॉलनीच्या मंडळानं ते चौदा एप्रिलला डीजेवर लावायचं ठरवलं. डीजेसमोर बेस कानानं ऐकावा लागत नाही, तो सरळ छातीत शिरतो. संघर्ष म्हणाला, ‘आई, या वर्षी तू मला ऐकणार.’ झालं! विमलाबाईंनी भाजीवालीपासून वरच्या मजल्यावरच्या पिंकीपर्यंत सगळ्यांना सांगून टाकलं.

त्यानं जीव ओतून वाजवलं. कोंडाजींची ती जागा तारेवर जशीच्या तशी घेतली. सम येते येते म्हणताना बोट थांबवायचं, आणि मग तार सोडायची. वाजवून झाल्यावर स्वतःच्याच अंगावर काटा आला.

गाण्याच्या सुरुवातीला चाळीस सेकंद बेस नव्हता. लांबून काम करणाऱ्यांचा एक नियम असतो: वाजवायचं नसलं तरी ती कोरी जागा फाइलीत ठेवायची, म्हणजे समोरच्यानं फाइल गाण्याच्या आरंभाला लावली की आपोआप जुळते. दहा वर्षांत संघर्षनं हा नियम मोडला नव्हता. पण आधी आईला ऐकवू म्हणून त्यानं कोरा भाग कापला, नाहीतर ‘काहीच वाजत नाहीये’ म्हणून ती हेडफोन काढायची. मग वाटलं, नको, थेट मिरवणुकीतच ऐकू दे. आणि त्या आनंदात तीच कापलेली फाइल समाधानला गेली.

पुढच्या कामाला बसताना सवयीनं त्यानं फोन बंद ठेवला. तीन तासांनी उघडला तर निरोप आला होता: ‘दादा, तुझा बेस पहिल्यापासूनच घसरतोय. फोन लागेना. गाणं लगेच द्यायचं होतं, म्हणून बेस कीबोर्डवर मारून घेतला. राग मानू नकोस.’

फाइल नुसती चाळीस सेकंद पुढे सरकवून बघितली असती तरी जुळली असती! त्यानं ताबडतोब फोन केला, पण गाणं तयार होऊन पुढे गेलं होतं. समाधान तरी काय करणार?

नंतरचे पंधरा दिवस संघर्ष आईला सांगायला जायचा आणि पाणी पिऊन परत यायचा. एकदा ‘आई, ते गाणं...’ एवढं तोंडातून निघालं, तर विमलाबाई म्हणाल्या, ‘येवल्याहून मावशी येतेय ते ऐकायला.’

चौदा तारखेला संध्याकाळी मिरवणूक चौकात आली. निळे झेंडे, गर्दी, आणि पुढे स्पीकरची भिंत. गाणं लागलं. पांढऱ्या साडीतल्या विमलाबाईंनी छातीवर हात ठेवला.

‘हा तू?’ त्या ओरडून म्हणाल्या.

मावशी बघत होती. पिंकी मोबाइलवर व्हिडिओ काढत होती.

‘हो, मीच,’ संघर्ष म्हणाला.

विमलाबाईंनी डोळे मिटले. चुलीपुढं ऐकायच्या तशाच त्या ऐकत राहिल्या. दर समेला त्यांची मान किंचित पुढे झुकायची, थांबायची, कशाची तरी वाट बघायची. कीबोर्डचा बेस बिनचूक वेळेवर येऊन आदळायचा. संघर्षला ते बघवेना आणि तिथून हलवेना.

गाणं संपलं. विमलाबाईंनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

‘चांगलं वाजवतोस की रे,’ त्या म्हणाल्या. ‘फक्त तुझ्या बाबांचा हात तुझ्यात उतरला नाही. असू दे. सगळ्यांनाच कुठं येतो तो!’

संघर्षला सगळं सांगून टाकावंसं वाटलं. पण आता काय सांगणार? ‘मीच’ असं त्यानंच तर सांगितलं होतं. तेवढ्यात दुसरं गाणं लागलं, आणि विमलाबाई मावशीला खीर द्यायला मंडपाकडे गेल्या.