पहिला पसंतीक्रम

लाखनीत हायवेला लागून माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. दोन संगणक, एक प्रिंटर, एक झेरॉक्स मशीन आणि बाहेर पालकांसाठी बाकडं. ट्रक गेला की काउंटरवरचे कागद उडतात, म्हणून प्रत्येक गठ्ठ्यावर दगड ठेवलेला असतो. बारावीचा निकाल लागला की जूनपासून ऑगस्टपर्यंत मला जेवायची फुरसत नसते. सीईटीचे गुण, जातीचे दाखले, नॉन-क्रीमीलेयर, इंजिनीअरिंगचे, शेतकीचे, नर्सिंगचे फॉर्म, सगळं माझ्याकडे. तालुक्यात मला नावानं फार लोक ओळखत नाहीत. "फॉर्मवाल्या मॅडम" म्हटलं की कुणीही दुकान दाखवतो.

या कामात माझा एक नियम होता, आणि त्याचा मला गर्व होता. कॉलेजांची यादी भरताना मायबापांना मी बाहेर बाकड्यावर बसवायची. आत फक्त पोरगं किंवा पोरगी. "काका, लग्न तुमचं नाही ठरून राहिलं. बाहेर बसा," असं मी तोंडावर सांगायची. लोक हसायचे आणि बसायचे. कारण यादीतला पहिला क्रमांक म्हणजे काय, हे मला चांगलं ठाऊक होतं. पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचं कॉलेज मिळालं की ते घ्यावंच लागतं. तिथून पुढच्या फेऱ्यांचं दार बंद. "जिथे खरंच जायचं आहे तेच वर टाक, बाकी खाली," हे वाक्य मी एकेका दिवसात चाळीस वेळा म्हटलं असेल. आणि पोरींच्या बापांना वर आणखी एक व्याख्यान: जाऊ द्या पोरीले, चार वर्षांनी तीच तुमाले हात देईल.

लोका सांगे ब्रह्मज्ञान. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

माझ्या मुलीला सीईटीत चांगले गुण पडले. इतके चांगले की आमच्या गल्लीत ज्यांनी आधी पेढे वाटले होते, ते आमचा पेढा खाताना जरा हळू चावत होते. तिला संगणकाचं इंजिनीअरिंग करायचं होतं आणि पुण्याचं एक सरकारी कॉलेज तिनं अकरावीपासून मनात धरून ठेवलं होतं. तिचे बाबा राईस मिलमध्ये मशीनवर आहेत. बोलायला कमी, ऐकायला बरे. त्यांनी एका वाक्यात निकाल दिला. "जाऊ दे तिले. चार वर्षं काय, डोळे झाकले का निघून जातात." मीही मान डोलावली. लोकांना सांगणारी मी, घरात वेगळं कसं बोलणार?

पण मनातून मला ती जायला नको होती. पुण्याची मला भीती नव्हती. खानावळ, खोली, पोरं, रस्ते, त्यातल्या कशाचीच नाही. मला भीती होती आमच्या घराची. त्या घरात मी ज्या माणसाशी बोलते ते माणूस म्हणजे ती. दुकानातल्या गमती, कोणाच्या बापानं काय विचारलं, माझं बारावीनंतर लगेच लग्न लागलं त्याचा जुना राग, सगळं मी तिच्याजवळ काढते. ती बाजूला बसून ऐकते आणि मधूनच मला चिडवते. ती गेल्यावर मी आणि हे, दोघं. हे जेवताना पहिल्या घासापासून शेवटच्या घासापर्यंत एक शब्द बोलत नाहीत. वाईट माणूस नाही, पण भिंतही वाईट नसते.

यादी तिनं स्वतः तयार केली. पंधरा कॉलेजं. वर पुणे, मग अमरावती, मग नागपूरची चार-पाच, आणि अकराव्या क्रमांकाला भंडाऱ्याच्या बाजूचं एक खासगी कॉलेज, घरून बसनं जाता येईल असं. "हे काहून टाकलं?" मी विचारलं. "असू दे, कामात पडलं तर," ती म्हणाली. यादी साठवून ठेवली. लॉक करायला, म्हणजे कायमची पक्की करायला, तीन दिवस होते. शेवटच्या दिवशी ती मैत्रिणीबरोबर मोहाडीला, त्या मैत्रिणीच्या मामाकडे बारशाला गेली. जाताना दुकानात डोकावून म्हणाली, "आई, सर्व्हर हळू चालून राहिला, दुपारी लॉक करून टाकजो." फॉर्मवरचा मोबाइल नंबर माझाच होता. ओटीपी माझ्याच फोनवर येणार होता.

दुपारी दोन-अडीचला दुकान थोडं रिकामं झालं. मी तिचं पान उघडलं. तिच्या पंधरा कॉलेजांच्या बाजूला वर-खाली करायचे छोटे बाण होते. मी अकराव्या ओळीवरचा वरचा बाण दाबला. ती ओळ दहावी झाली. मग पुन्हा दाबला. सर्व्हर खरंच हळू होता, दर वेळी पान फिरत राहायचं आणि मी वाट पाहत बसायची. मी तो बाण दहा वेळा दाबला. चूक एकदा होते. दहा वेळा होते ती चूक नसते, हे मला नवव्या वेळीही कळत होतं. पहिल्या ओळीत भंडाऱ्याचं कॉलेज आलं, पुणं दुसऱ्या ओळीत सरकलं. मग मी लॉक केलं. ओटीपी आला, टाकला. बाहेर एक बाई जातीच्या दाखल्यासाठी आली होती, तिला मी म्हटलं, या.

प्रवेशाची यादी लागली त्या सकाळी तिनं आपल्या फोनवर पाहिलं. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून तिनं वाचलं आणि पुन्हा वाचलं. "आई, पहिला पसंतीक्रम मिळाला असं येऊन राहिलं. पण भंडाऱ्याचं."

मी पोळी उलटत म्हटलं, "असं कसं? सर्व्हरचा लोचा असंल. लॉक करताना वरखाली झालं असंल."

इतकं सोपं होतं ते बोलणं. रोज मी लोकांना सर्व्हरचं नाव सांगते, तेच तिला सांगितलं. ती माझ्याकडे पाहत राहिली. तिच्या बाबांनी मात्र ताट बाजूला सारलं. यांना ताट बाजूला सारताना मी आयुष्यात दोनदाच पाहिलं असेल.

"सर्व्हरचा लोचा हाय तर तक्रार करू."

"काही होत नाही तक्रारीनं," मी म्हटलं.

"तूच त पाठवते लोकायले तक्रार कराले."

खरंच पाठवते. कुठे जायचं, कोणता अर्ज, कोणते कागद, सगळं मला पाठ. भंडाऱ्याला एका कॉलेजात सुविधा केंद्र आहे, तिथला संगणक कोणी काय केव्हा बदललं ते दाखवतो, हेही मला पाठ. आता इकडे आड, तिकडे विहीर. नाही म्हणावं तर का नाही म्हणते, हो म्हणावं तर तिथे जाऊन उघडं पडायचं. मी कपाटातून साडी काढली. यांनी मिलमधून सुट्टी घेतली. माझ्या लेकीच्या फॉर्मची तक्रार करायला आम्ही तिघं निघालो आणि तक्रारीचा अर्ज मीच लिहून दिला होता, सुवाच्य अक्षरात.

बसमध्ये तिघांची सीट मिळाली. हे खिडकीशी बसायला गेले, मग मला मळमळतं म्हणून उठले आणि मला खिडकी दिली. मधे ती, कडेला हे. मांडीवर फाइल घेऊन ती समोर पाहत होती. बाहेर धानाच्या बांध्यांमध्ये रोवणी चालू होती. मी मनात वाक्य जुळवत होते. अहो, ऐका, ते मीच केलं. इतकं छोटं वाक्य. पुढचं गाव आलं की बोलू, असं ठरवायची. गाव यायचं, दोन माणसं चढायची, कंडक्टर घंटी मारायचा आणि बस सुटायची. वैनगंगेचा पूल आला. नदी दोन्ही अंगांनी भरून पसरली होती. मी पाण्याकडे पाहत राहिले, कारण पूल संपला की भंडारा.

सुविधा केंद्रात एक तरुण सर होते. फोनवर मी त्यांच्याशी कितीदा बोलले होते. ओळख सांगितल्यावर ते उठून उभे राहिले. "मॅडम, तुम्ही? तुमच्या दुकानातून तर कधी तक्रारच येत नाही." यांना ते ऐकून बरं वाटलेलं दिसलं. सरांनी अर्ज क्रमांक टाकला, माउस फिरवला आणि पडद्याकडे पाहत म्हणाले, "सर्व्हरचं काही नाही. शेवटच्या दिवशी दुपारी यादीचा क्रम बदलला आहे. एकेक करून वर नेलं आहे. मग ओटीपी टाकून लॉक. कोणी बदललं?"

त्यांनी विचारलं तेव्हा यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांच्या मनातही ते आलं नाही. मी टेबलावरचा माझ्याच अक्षरातला अर्ज वाचत राहिले.

"मीच बदललं, सर," माझी मुलगी म्हणाली. "मोहाडीहून मोबाइलवर लॉगिन केलं होतं. आईकडून ओटीपी मागून घेतला. मले वाटलं, भंडाऱ्याचं वर ठेवलं तरी आधी पुण्याचंच पाहतात."

सर हळहळले. पहिला क्रमांक मिळाला म्हणजे आता घ्यावाच लागेल, सोडलं तर या फेऱ्यांमधून बाहेर, मग उरल्यासुरल्या जागा, असं त्यांनी समजावलं. ते मी त्यांच्यापेक्षा चांगलं समजावलं असतं. यांनी एकच विचारलं, "वर पुणं असतं त भेटलं असतं का?" सरांनी दुसरं पान उघडून पाहिलं. "भेटलं असतं. तिथे प्रवेश मिळालेल्या शेवटच्या मुलापेक्षा हिचे गुण जास्त आहेत."

येताना बसमध्ये हे बोलले. वर्षभराचं त्या एका तासात बोलले. "एवढी शिकली अन् डोकं कोठी ठेवलं होतं? घरात माय बसली फॉर्म भराले, अन् तुले मोबाइलवर करायची घाई. जिले सारा तालुका विचारते, तिले विचाराची लाज वाटली?" ती "चुकलं, बाबा" म्हणाली. तीन-चार वेळा म्हणाली. मी तिच्या बाजूला बसून ते ऐकलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो मी खात नव्हते, मी तो तिला खाऊ देत होते.

दुसऱ्या दिवशी हे मिलमध्ये गेल्यावर ती पाटावर बसून तांदूळ निवडत होती. मी समोर बसले.

"तू खोटं काहून बोलली?"

"तू कधी बोलणार होती?" तिनं खडा काढून बाजूला टाकला. "अकरावरून एकवर कोणता सर्व्हर नेते, आई? मले त्याच सकाळी समजलं. मी बसमध्ये वाट पाहून राहिली होती. लाखनीपासून. पूल आला तरी तू बाहेरच पाहत होती."

मला रडू आलं. ते पाहूनही ती थांबली नाही, शांतपणे बोलत राहिली.

"बाबाले समजलं असतं त ते तुले काही म्हणले नसते. बोलणं सोडलं असतं. मंग चार वर्षं मीच तुमच्या मधात निरोप देत बसली असती. मले आता याच घरात राहाचं आहे ना. मंग घर तरी धड राहू दे."

"मी आजच सांगते त्यायले," मी म्हटलं.

"आता नको सांगू. आता सांगशील त बाबा म्हणतील, दोघींनी मिळून मले फसवलं. मी त्यायच्या डोळ्यांसमोर खोटं बोलली आहे. तुझ्यापायी मले अजून काही नको." तिनं सूप उचललं आणि मागच्या अंगणात गेली.

याला आता दोन वर्षं होत आली. हे कोणत्याही लग्नात, तेराव्यात, चहाच्या टपरीवर ती गोष्ट सांगतात. पोरीनं स्वतः हात घातला अन् पुणं गेलं, मायनं भरला असता त असं झालं नसतं. लोक माझ्याकडे आदरानं पाहतात आणि मुलीला हसतात. तीही हसते. दुकानात गर्दी आहे तशीच आहे. मायबापांना मी अजून बाकड्यावर बसवते, पण ते व्याख्यान मी देत नाही. सांगावं असं मला शंभरदा वाटलं. दर वेळी तिचं तोंड आठवतं आणि मी गप्प बसते. मी तिच्यासाठी गप्प बसते, असं स्वतःला सांगते. त्यात माझी सोय किती, हे मी मोजत नाही.

ती रोज सकाळी साडेसातच्या बसनं जाते आणि संध्याकाळी सहाला येते. अभ्यासात चांगली आहे. आल्यावर पाय धुते, चहा घेते, बाबांशी कॉलेजचं बोलते. मी दुकानातली एखादी गंमत सांगायला लागते तेव्हा ती पुस्तक खाली ठेवून नीट ऐकून घेते, गंमत संपली की "हो का" म्हणते आणि पुस्तक उचलते.