आक्का आणि मुंबईचा गिअर

मोटर दुरुस्त करणाऱ्या कुणाचाही चहा आक्का घ्यायची नाही. चहा पाजणाऱ्याला काहीतरी लपवायचं असतं, असा तिचा ठाम समज. नाव गंगव्वा, पण अख्ख्या गावाची ती आक्काच. महापुरानंतर शिरोळकडच्या आमच्या नदीकाठच्या गावाला एक मोटरबोट मिळाली आणि ती कुणाच्या ताब्यात द्यायची यावरून ग्रामसभेत हमरीतुमरी झाली. शेवटी सगळ्यांचं आक्कावर एकमत झालं. गावाचा तिच्यावर फार विश्वास होता म्हणून नव्हे. तिचाच कुणावर नव्हता म्हणून. बोट मी चालवायचो आणि माझ्यावर नजर आक्का ठेवायची. त्या नजरेचा मला भयंकर राग यायचा.

मोटर बिघडली की टेम्पोत घालून कोल्हापूरला उद्यमनगरात न्यावी लागे. निघण्याआधी आक्का सुनेच्या नेलपॉलिशनं एकेका नटावर ठिपका द्यायची. वर्कशॉपात हमीदभाई मोटर उघडायला बसले, की ती समोर स्टूल ओढून बसे. "बदललं म्हंतोस न्हवं? मग जुनं दाव की." जुना तुकडा पदरात बांधल्याशिवाय उठत नसे. हमीदभाई सज्जन माणूस. एकदा वैतागून म्हणाले, "आक्का, आमच्यावर एवढा संशय?"

"तुझ्यावर कशाला? आमचं मालक बाजारातनं आलं तरी मी पिशवी उलटी करून बगत हुतो."

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर खरी पंचाईत झाली. इंजिन चालू, पण पाण्यातला पंखा फिरेना. हमीदभाईंनी खालचा डबा उघडून गिअरचे झिजलेले दात दाखवले. गिअर मुंबईहून मागवावा लागेल म्हणाले आणि किंमत सांगितली. आक्का स्टुलावरून उठलीच. "एवढ्यात गाभण म्हस येती की रं. आनी ती दूध तर देती." तिनं मला दुसऱ्या दुकानांतून फिरवलं, मुंबईला फोन लावायला लावले. सगळीकडं तीच किंमत. "बगितलंस? समदं सामील हायती," ती मला म्हणाली.

वर्गणीसाठी देवळात गाव जमलं. आक्कानं किंमत सांगितली. मग मागून पांडूतात्या, जुने पंचायत सदस्य, बोलले, "मुठीएवढ्या लोखंडाला एवढं पैसं? आक्का, ह्यात तुजं किती?"

माझं डोकं फिरलं. ही बाई टेम्पोवाल्याशी हुज्जत घालून वाचवलेला रुपयाही गावच्या पेटीत टाकणारी. मी उठणार तोच आक्का खुशीत म्हणाली, "शाबास तात्या. इतक्या वर्सांत कुणीतरी इचारलं. उद्या चल माज्यासंगं."

तिनं तात्यांना दिवसभर त्या स्टुलावर बसवलं. परत येऊन तात्यांनी किंमत खरी असल्याचं सांगितलं, तर लगेच कुजबूज सुरू झाली, "आता तात्याबी मिळाला तिला." आक्कानं कुजबुजणाऱ्यालाही कोल्हापूरला नेलं. तो आला, तर त्याच्यावर संशय. इकडं नदी चढत होती आणि बोट बिनमोटरची काठावर पडून. मी आक्काच्या हातापाया पडलो, पण ती ऐकेना. "संशय घेऊन पैसं देत्यात, ते पुढल्या खेपंला देत न्हाईत," म्हणाली.

अखेर वर्गणी जमली. गिअर बसला तेव्हा पाणी उसाच्या शेतात शिरलं होतं. खालच्या गल्लीतली माणसं, शेरडं, सगळी आम्ही बाहेर काढली. आक्का काठावरून माझ्यावर खेकसत होती, "रिकामी कशाला फिरवतोस? पेट्रोल तुज्या बाचं हाय व्हय?"

यंदा उन्हाळ्यात तिनं अंथरूण धरलं. मोटरचा एक रबरी भाग गेला होता. तो बदलून आणायला मी पहिल्यांदाच एकटा हमीदभाईंकडं गेलो. बिल आणि जुना तुकडा घेऊन थेट तिच्या खाटेपाशी आलो. एवढं महाग कसं, दुसरीकडं विचारलंस का, घासाघीस केलीस का, सगळ्याची उत्तरं वाटेत घोकून ठेवली होती.

तिनं बिलाकडं बघितलंसुद्धा नाही. "ठेव तितं. तू आनलंस म्हंजे बरोबरच आसंल."

मी बिल पुन्हा तिच्यापुढं धरलं. "आक्का, विचार की गं काहीतरी. शिव्या तरी दे."

तिनं डोळे मिटून घेतले होते. मी बाहेर आलो. तिचा लेक गोठ्यात वैरण टाकत होता. त्याला म्हणालो, "काम ऱ्हाऊ दे. आक्कानं बिल बघितलं न्हाई. पै-पावण्यांना कळवायला घे."